शेतसारा, कर आणि आपली घरटी वर्गणी
(शिंदखेडा येथील वार्षिक सभेत केलेले भाषण)



'न्याय्य कर कोणता' हा विषय कार्यकारी मंडळाने आमच्याकडे का सोपविला, हे येथे बसलेल्या सर्वांस ठाऊक आहे. धुळ्यास शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या वसतिगृहासाठी घरटी सारखी वर्गणी घ्यावी, की ज्याची जशी ऐपत तशी घ्यावी, यावर गेल्या दोन सभांत पुष्कळ खल झाला. काही घरांत अबोलाही आला. आम्ही अर्थशास्त्री नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना पाढे शिकविण्यात आयुष्य घालविलेले शिक्षक आहोत. तथापि हा वाद काही आपल्या सभेत नव्याने उपजलेला नाही. आपल्या खानदेशात तो एकदा फौज बोलावण्यापर्यंत गेला होता.

१८५२ साली इंग्रज सरकारने खानदेशात जमिनीची नवी मोजणी सुरू केली. त्या वेळी सावदा, फैजपूर, रावेर, चोपडे, एरंडोल या भागांतील शेतकरी हजारोंनी जमले आणि मोजणी नको म्हणून अडून बसले. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांस धरले, आणि मोजणी पुढे चालू केली. नवल असे की, ही मोजणी ज्या विंगेट साहेबाच्या पद्धतीने होत होती, त्याच्या दृष्टीने ती पद्धत न्यायासाठीच होती. शेताची माती व तिची खोली पाहावयाची, तिच्या नऊ प्रती लावावयाच्या, उत्तम मातीस सोळा आणे धरून खाली उतरत जावयाचे, आणि ठरलेला सारा तीस वर्षे बदलावयाचा नाही. म्हणजे कष्टाळू शेतकऱ्याने बांध घातला, खत टाकले, तर त्या मुदतीतील वाढीव पीक त्याचे स्वतःचे. आळशाला सूट नाही आणि उद्योग्याला दंड नाही. कागदावर यात खोट काढणे अवघड आहे.

शेतकऱ्याला मात्र 'मोजणी' या शब्दात वाढीव साराच ऐकू आला. शिवाय एक प्रश्न राहिलाच. सारा बसतो मातीच्या कसावर, आणि पीक येते पावसावर. तापी-पांझरेच्या काठची काळीभोर जमीन सोळा आण्यांची खरी. परंतु मृग कोरडा गेला तर त्या सोळा आण्यांचे काय करावयाचे? यावर उपाय म्हणून पुढे आणेवारीचा उपयोग झाला. तिलाच आता पैसेवारी म्हणतात. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सवलतींची वाट मोकळी होते. पण पैसेवारी लागते सबंध गावाला. विहिरीला पाणी असलेला आणि नसलेला, दोघे एकाच आकड्यात बसतात. एका अन्यायावर औषध काढावे, तर त्याच औषधातून दुसरा निघतो, असे येथे झालेले दिसते.

जोतीराव फुल्यांनी हा वाद आणखी एका बाजूने पाहिला, आणि शिक्षक या नात्याने ती बाजू आम्हांस फार मोलाची वाटते. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून घेतला जाई, आणि त्यातून शाळा व सडका व्हावयाच्या असत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात व १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी हाच जाब विचारला की, पैसा शेतकऱ्याच्या घामाचा, मग विद्या मात्र वरच्या वर्गाच्या पदरी का? कर कोणाकडून किती घेतला, एवढ्यावरच न्याय ठरत नाही. तो कोणाच्या पानात वाढला, हेही पाहावे लागते. घेणाऱ्यांच्या वादात वाढणाऱ्यांचा हिशेब नेहमी मागे पडतो.

आता आमच्या हयातीतील गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. खडी फोडण्याची कामे, नालाबांध, पाझर तलाव आणि सुकडी, हे येथील वडीलधाऱ्यांपैकी कोणीही विसरलेले नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि त्या उत्पन्नाइतकीच रक्कम सरकारने स्वतः घालावी असे ठरले. मुंबईच्या कारकुनाच्या घरातील कोणीही शिंदखेड्यास खडी फोडावयास येणार नव्हते. तरी त्याच्या पगारातून पैसे कापले गेले. आमच्याही पगारातून नोकरी संपेपर्यंत ते कापले गेले, आणि आमच्याच वर्गातील मुलांचे आईबाप त्या कामांवर जात. ज्यांची मुले वसतिगृहात राहतील त्यांनीच खर्च सोसावा, असे आपल्यात म्हणणारे आहेत. त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

परंतु याच करातील दुसरी बाजूही झाकून ठेवणे बरे नव्हे. राज्यघटनेने व्यवसाय कराला वर्षास २५० रुपयांची मर्यादा घातली होती. ती १९८८ साली २,५०० रुपये झाली. महिना दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, की मर्यादा भरली. तीस हजार पगाराचा शिक्षक आणि पाच लाखांचा कंपनी अधिकारी दोघेही तेवढेच भरतात. मर्यादेलाही कारण आहे: प्राप्तिकर केंद्राचा, तेव्हा राज्यांनी मागील दाराने दुसरा प्राप्तिकर बसवू नये. कारण पटते, तरी शिक्षकाच्या मनातील सल जात नाही.

आणि एखादा नोकरदार बागायतदार भावाकडे बोट दाखवितो. मी प्राप्तिकर भरतो, आणि दादा कापूस-पपईवर लाखो मिळवूनही काही भरत नाहीत, असे त्याचे म्हणणे. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकराबाहेर आहे, हे खरे. घटनेने तो कर राज्यांच्या हाती दिला. के. एन. राज समितीने १९७२ मध्ये जमिनीच्या उत्पादनक्षमतेनुसार धारणेवर कर सुचविला (विंगेट साहेबाचाच नातू म्हणावयाचा!), पण तो कोठे रुजला नाही. आता दादांची बाजू ऐका. डिझेलवर कर, खतावर कर, औषधावर कर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवर कर. व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेला वस्तू व सेवा कर पुढे वजा मिळतो. शेतकऱ्याला मिळत नाही, तो त्याच्याच अंगावर पडतो. मालाचा भाव त्याच्या हाती नाही, आणि पाऊस कोणाच्याच हाती नाही. आमचे स्वतःचे मत असे की, जिरायती शेतकऱ्यावर प्राप्तिकराची भाषा बोलणे क्रूरपणाचे आहे. मोठ्या बागायतदाराला मात्र 'शेतकरी' या एका शब्दाआड कायमचे बसता येऊ नये. हे ऐकून पुढच्या रांगेतील काही मंडळी हसली; त्यांचा राग नाही, असे आम्ही समजतो.

आपल्या वर्गणीकडे वळू. घरटी सारखी रक्कम मोजावयास सोपी, आणि तीत कोणाला कमीपणा नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु तीच रक्कम सालदाराच्या घरी महिन्याचा किराणा असते, आणि दोन पगार येणाऱ्या घरी एका जेवणाची पार्टी. उलट ऐपतीप्रमाणे घ्यावयाची, तर ऐपत पाहणार कोण? मंडळाच्या चिटणीसांनी कोणाचा सात-बारा किंवा पगारपत्रक मागावे, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. त्यातून जी कटुता येईल, ती वसतिगृहाच्या भिंतींहून अधिक काळ टिकेल.

म्हणून आमची सूचना अशी. वर्गणीच्या तीन प्रती कराव्यात. नोकरी, व्यापार किंवा बागायत असलेली घरे पहिलीत. जिरायती शेतकरी व लहान दुकानदार दुसरीत. शेतमजूर व विधवा भगिनींची घरे तिसरीत, त्यांच्याकडून नारळ आणि एक रुपया घ्यावा, म्हणजे वहीत त्यांचेही नाव राहील. आपली प्रत प्रत्येकाने स्वतः सांगावी. वहीत प्रतीची नोंद असावी, पण स्मरणिकेत नावांपुढे रकमा छापू नयेत. मात्र खर्चाचा हिशेब पैशापर्यंत छापावा, आणि वसतिगृहात कोणत्या गावची किती मुले व किती मुली राहिल्या, हेही छापावे. दुष्काळी वर्षी दुसऱ्या प्रतीची वर्गणी पुढच्या दिवाळीपर्यंत तहकूब ठेवावी. ती मात्र गावाच्या पैसेवारीवरून नव्हे, तर त्या घराच्या शब्दावरून.

बागायत किती एकरांपासून पहिल्या प्रतीत धरावयाची, आणि विहीर आटली तर त्या वर्षी काय करावयाचे, हे दोन प्रश्न आम्ही मुद्दाम सोडले आहेत. त्यांवर चिमठाणे, दोंडाईचा आणि नरडाणे या बाजूंच्या शेतकरी सभासदांनीच आधी बोलावे, आणि नोकरदारांनी त्या दिवशी केवळ ऐकावे.