हौशी रेडिओ आणि शेजारधर्म

हौशी रेडिओवाल्याचे शेजाऱ्यांशीं जे खटके उडतात, त्यांचें मूळ पुष्कळदां एका साध्या गणितांत सांपडतें. त्याच्या ट्रान्सीव्हरमधून, म्हणजे प्रक्षेपक व ग्राहक एकत्र असलेल्या यंत्रांतून, २१ मेगाहर्ट्झची लहर निघाली, कीं तिच्या मागोमाग ४२, ६३, ८४, १०५ अशा पटींच्या दुबळ्या लहरीही निघूं पाहतात. यांना हार्मोनिक म्हणतात. जुन्या ॲनालॉग दूरचित्रवाणीचा चौथा चॅनेल ६१ ते ६८ मेगाहर्ट्झमध्यें असे. तिप्पट लहर नेमकी तेथें पडे आणि शेजारच्या पडद्यावर जाळी उमटे. तें युग सरलें. पण एफ. एम. रेडिओ ८८ ते १०८ मध्यें आहेच, आणि पांचपट लहर तेथें जाऊन पोंचते.

यावर उपाय लो पास फिल्टरचा. धातूच्या बंद पेटींत तारेचीं वेटोळीं व कंडेन्सर यांची एक साखळी असते. ठराविक कंपनसंख्येखालचें जाऊं द्यावें, वरचें माघारीं धाडावें, एवढेंच तिचें काम. अशा गाळण्यांची कल्पना १९१५ च्या सुमारास अमेरिकेंत कॅंबेल व जर्मनींत वॅग्नर यांनीं स्वतंत्रपणें काढली. ती मात्र टेलिफोनसाठीं!

मग प्रत्येकानें ही पेटी बाहेरून जोडावी काय? माझ्या मतें, नाहीं. कारखान्यांत बनलेल्या आजच्या ट्रान्सीव्हरांत निरनिराळ्या पट्ट्यांसाठीं गाळण्या आंतच असतात. अमेरिकन नियमाप्रमाणें, २००३ सालापासून बसविलेल्या व ३० मेगाहर्ट्झखालीं चालणाऱ्या हौशी प्रक्षेपकाची अवांतर लहर मूळ लहरीहून निदान ४३ डेसिबल खालीं हवी. म्हणजे १०० वॅटच्या यंत्राला सुमारें ५ मिलिवॅटच माफ. बाहेरची पेटी खरी उपयोगी पडते ती घरीं जुळविलेल्या संचाला, किंवा पुढें शक्तिवर्धक जोडला असेल तेव्हां. कारण शक्तिवर्धक स्वतःच्या नव्या पटी निर्माण करतो. अर्थात् पेटी त्याच्यानंतर बसवावी, आणि तितकी शक्ति तिला सोसली पाहिजे. शिवाय ३० मेगाहर्ट्झवर अडविणारी पेटी ७ मेगाहर्ट्झच्या १४ व २१ या पटींना खुशाल वाट देते! घरच्या संचाला त्या त्या पट्ट्याची निराळी गाळणीच हवी. उलट, कोणीं ५० मेगाहर्ट्झवर बोलूं लागला, तर पेटी आधीं काढून ठेवावी; नाहींतर सगळी शक्ति उलट फिरून यंत्रावर यावयाची.

पेटी अँटेना ट्यूनरच्या आधीं जोडावी. तिची रचना ५० ओहमसाठीं असते व ट्यूनरपलीकडे ती जुळणी राहीलच असें नाहीं.

इतकें करूनही शेजाऱ्याची तक्रार मिटली नाहीं, तर दोष बहुधा त्याच्या यंत्राचा. आपली मूळ लहरच इतकी जवळून व जोरानें येते, कीं तें गुदमरतें. आणि मूळ लहर अडविणें हें लो पास फिल्टरचें कामच नव्हे. तेथें दूरचित्रवाणीच्या अँटेनाच्या तारेंत हाय पास फिल्टर, नाहींतर ध्वनिवर्धकाच्या तारेवर फेराइटचें कडें बसवावें लागतें. त्यासाठीं शेजाऱ्याच्या घरांत शिरावयाचें, तेव्हां त्याला आधीं आपल्या घरीं बोलवावें, प्रक्षेपक चालू करावा, आणि त्याच खोलींतील आपला रेडिओ व दूरचित्रवाणी स्वच्छ चालत असल्याचें दाखवावें.