लहान इंजिन, मोठी गती आणि उष्णतेचा हिशेब

(इंदूर येथे मराठी भाषिक ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा संकलित भाग)



कापडगिरण्यांचे शहर म्हणून ज्या इंदूरची ख्याती होती, त्याच्या शेजारी धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे वाहन-उद्योगाने बस्तान बसविले, त्याला आता चार दशके होत आली. तेथील राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रातील 11.3 किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन 29 जून 2021 रोजी झाले. परंतु त्याच्या कितीतरी आधी, 2007 सालापासून, देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या लहान गाड्या घेऊन ‘बाहा’ स्पर्धेकरिता पीथमपूरला येऊ लागले होते.

ही स्पर्धा पाहून परतणारे पुष्कळ लोक एक प्रश्न विचारतात. शर्यतीच्या गाड्या हा हौसेचा खेळ. त्याचा शेतकऱ्याला, कारागिराला, शाळेतील मुलाला उपयोग कोणता? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे आमच्यासारख्या प्रसिद्धी खात्यातील माणसाचे कर्तव्य आहे. मी कला शाखेचा पदवीधर. तथापि, जाणकारांकडून जे समजून घेतले त्यावरून एवढे निश्चित सांगू शकतो की, शर्यतीचे लहान इंजिन म्हणजे उष्णतेचा काटेकोर हिशेब होय. ज्याला हा हिशेब कळला, त्याला विहिरीवरच्या इंजिनापासून विजेच्या मोटारीपर्यंत सर्व यंत्रांची नाडी सापडली.

आपल्या परिचयाच्या वस्तूपासून प्रारंभ करू. शेतावरील डिझेल पंपसेट साधारणतः मिनिटाला 1,500 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 25. आता पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेले केटीएम मोटारसायकलीचे 373 घन सेंटिमीटरचे इंजिन घ्या. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला पद्धतीच्या गाड्यांत ते अनेक संघांनी वापरले आहे. ते मिनिटाला 9,000 फेऱ्यांच्या आसपास सुमारे 43 अश्वशक्ती देते. सेकंदाला 150 फेरे आणि त्यात 75 वेळा इंधनाचे ज्वलन! इंजिनाची शक्ती म्हणजे एका ज्वलनातून मिळणारे काम गुणिले ज्वलनांची संख्या. सिलिंडर लहान असल्यामुळे एका ज्वलनातील काम वाढविण्यास मर्यादा पडते. म्हणून संख्या वाढवावी लागते. लहान इंजिन वेगाने फिरविण्याचे कारण एवढेच आहे.

मात्र या गतीची किंमत मोजावी लागते. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने धाव घेतो. फेरे दुप्पट झाले की त्याला आवरणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरील ओढ चौपट होते. म्हणून अशा इंजिनात पिस्टन हलका ठेवतात आणि त्याची धाव आखूड ठेवतात. वरील इंजिनात सिलिंडरचा व्यास 89 मिलिमीटर असून पिस्टनची धाव अवघी 60 मिलिमीटर आहे. झडपांच्या स्प्रिंगा पुरेशा ताठ नसतील तर झडपा वेळेवर मिटत नाहीत आणि पिस्टनवर आपटण्याचा धोका निर्माण होतो.

इंजिन बांधताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागालाही महत्त्व असते. ॲल्युमिनियम हा धातू लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. थंड असताना पिस्टन घट्ट बसविला, तर तापल्यावर तो सिलिंडरमध्ये जाम होतो. सैल ठेवला, तर ठोके देतो आणि ऑइल जाळतो. म्हणून हातात पाना घेण्यापूर्वी मायक्रोमीटर घ्यावा आणि बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळावेत, हा या विद्येचा पहिला पाठ आहे.

आता उष्णतेकडे वळू. इंधनातील ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक कामी येतो, दुसरा धुरावाटे जातो आणि तिसरा सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढावा लागतो. 43 अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनातून पूर्ण भारावर सुमारे 30 किलोवॅट उष्णता पाण्यावाटे काढावी लागते असे धरू. ही उष्णता दीड किलोवॅटच्या वीस गिझरांइतकी झाली. रेडिएटरमध्ये पाणी 10 अंशांनी थंड करावयाचे असेल, तर मिनिटाला सुमारे 43 लिटर पाणी फिरले पाहिजे, म्हणजे दर वीस सेकंदांना एक बादली. तीच उष्णता हवेने उचलावयाची आणि हवा 30 अंशांनी तापू द्यावयाची, तर दर सेकंदाला सुमारे एक किलो, म्हणजे जवळपास एक घनमीटर हवा रेडिएटरमधून गेली पाहिजे. शिक्षक बंधूंनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. पाणी फिरविणे सोपे आहे, खरी अडचण हवेची आहे, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येईल.

मोटारसायकलीचे इंजिन गाडीत बसविताना विद्यार्थ्यांपुढे दोन पेच उभे राहतात. मोटारसायकलीवर रेडिएटर समोरच्या वाऱ्यात असतो. गाडीत तो बाजूला, आवरणाआड जातो. तेथे हवा आणून सोडणारा मार्ग आणि पंखा नीट योजला नाही, तर गाडी धावत असूनही इंजिन तापते. दुसरा पेच ऑइलचा. मोटारसायकल वळणावर कलते, त्यामुळे ऑइल तळाशीच राहते. गाडी कलत नाही. ऑइल एका बाजूला धावते, पंप हवा ओढतो आणि काही क्षणांत बेअरिंग जळते. म्हणून ऑइलच्या टाकीत आडव्या पट्ट्या बसवाव्या लागतात. या स्पर्धांच्या नियमांनुसार रेडिएटरमध्ये केवळ साधे पाणी चालते, कारण इतर द्रव सांडल्यास रस्ता निसरडा होऊन मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे 98 अंशांनाच उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण स्वयंपाकघरातील कुकरप्रमाणे कार्य करते आणि हा उत्कलनबिंदू 120 अंशांच्या आसपास नेते. ते झाकण झिजले असेल, तर उत्तम रेडिएटरही निरुपयोगी ठरतो.

पीथमपूरच्या ‘बाहा’ गाड्यांना याहून साधे, सुमारे 10 अश्वशक्तीचे, वाऱ्याने थंड होणारे एकसिलिंडरी इंजिन वापरले गेले. पण कित्येक तास चालणाऱ्या अंतिम शर्यतीत त्या सिलिंडरवरील पात्यांत चिखल बसला, की तेही तापते. तेथे पाण्याच्या बादलीपेक्षा वेळेवर फिरविलेला ब्रश अधिक उपयोगी पडतो.

ग्रामस्थहो, आता हे ज्ञान आपल्या शेतावर आणा. ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला की हवेचा तोच मार्ग बंद होतो. हवा आतून बाहेर मारून जाळी स्वच्छ करावी. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने पंपसेटच्या पाण्याच्या पोकळीत थर बसतो आणि उष्णता आतच कोंडते. तो थर वेळोवेळी काढून घ्यावा. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, कारण अंगावर येणारी वाफ चेहरा भाजून काढते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, कारण हेडला तडा जातो. भारावर चाललेले इंजिन थोडा वेळ रिकामे फिरवून मगच बंद करावे.

काही जण म्हणतील, विजेच्या गाड्या आल्यावर ही विद्या कालबाह्य होईल. 2015 पासून ‘बाहा’मध्ये विजेच्या गाड्यांचाही विभाग आहे. तेथे पिस्टन नाही. पण बॅटरी आणि मोटार तापतातच, आणि त्यांची उष्णता काढण्याचे गणित आपण आत्ता केले तेच आहे.

आशियातील सर्वांत लांब म्हणून सांगितली जाणारी धावपट्टी आपल्या दारात आहे. तिच्या फाटकावर पहारा करणे एवढेच आसपासच्या खेड्यांतील मुलांच्या वाट्याला यावे काय? तसे होऊ नये असे वाटत असेल, तर शाळांनी एखादे निकामी इंजिन मिळवावे आणि ते मुलांकडून खोलवून, मोजून, पुन्हा जोडून घ्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या निदेशकांनी त्यासाठी महिन्यातून एक दिवस द्यावा. अधिकारी बंधूंनी स्पर्धेच्या दिवसांत विद्यार्थ्यांच्या सहली तेथे नेण्याची रीतसर परवानगी मिळवून द्यावी. यास फार मोठा खर्च नाही. एक मायक्रोमीटर, एक टॉर्क पाना आणि मुलांचे हात काळे होऊ देणारा शिक्षक मिळाला, तरी कामाला प्रारंभ करता येईल.