जुनी झाली की चढते? सुगंधी तंबाखू आणि मामाचे पंचवीस डबे

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. पुण्यातल्या एका श्रोत्यानं व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, "दादा, मी पाइप ओढतो. व्हॅनिला आणि चेरीच्या वासाची तंबाखू स्वस्तात मिळतेय. दहा वर्षं डब्यात बंद करून ठेवली तर ती मुरून भारी होईल का?"

मी हसलो. म्हटलं, पाइप आणि मी? मी सिरोंच्याचा. आमच्याकडे म्हातारी माणसं चुट्टा ओढतात, म्हणजे तंबाखूचीच पानं वळून केलेली जाड विडी. तेलुगूत तंबाखूला पोगाकु म्हणतात. पोगा म्हणजे धूर, आकु म्हणजे पान. धुराचं पान! पाइप मी फक्त सिनेमात पाहिलाय. पण मग मामाचे डबे आठवले, आणि लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर आमच्याच घराच्या माळ्यावर पडून आहे.

आधी श्रोत्याचं उत्तर देतो, मग मामाकडे येतो.

साधी तंबाखू, म्हणजे जिच्यात वरून काही घातलेलं नाही ती, खरंच मुरते. शेतातून आलेलं पान वाळवल्यावर लगेच वापरत नाहीत. गोदामात दाबून ठेवतात, वर्ष, दोन वर्षं, कधी जास्त. पानात बारा-तेरा टक्के ओल राहिली की आत हळूहळू काम चालू राहतं. अमोनियाचा उग्रपणा उडून जातो. पानातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळून नवे वास तयार होतात. पाव भाजताना किंवा कांदा तांबूस करताना होतं ना, त्याच जातीची क्रिया, फक्त गोगलगाईच्या चालीनं. म्हणून पाइपवाले व्हर्जिनिया जातीची तंबाखू काचेच्या बरणीत वर्षानुवर्षं ठेवतात. तिच्यात साखर भरपूर असते.

आता सुगंधी. हिच्यात दोन थर असतात. पहिला पाकाचा. गूळ, काकवी, ज्येष्ठमध असलं काहीतरी पानात जिरवतात. दुसरा वरून फवारलेला वास. हा शेवटी मारतात, बहुतेक वेळा अल्कोहोलात मिसळून. वास नाकापर्यंत येतो याचाच अर्थ तो उडतोय. जो उडतो तो टिकणार कसा? चेरीचा वास घ्या. तो बेंझाल्डिहाइड नावाच्या द्रव्याचा असतो, आणि हवा लागली की त्याचं बेंझोइक आम्ल होतं, ज्याला वास जवळजवळ नाहीच. व्हॅनिला त्यापेक्षा बराच टिकतो. पण टिकणं वेगळं आणि मुरणं वेगळं.

शिवाय वाळू नये म्हणून हिच्यात ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. त्यानं ओल धरून राहते, बुरशीही लवकर येत नाही, पण मुरण्याचं कामही मंदावतं. आणि वास झाकायला असतोच म्हणून खाली बऱ्याचदा साधंच पान वापरलेलं असतं. दहा वर्षांनी वास गेला की खाली काय उरणार, ते तुम्हीच सांगा. म्हणजे बंद डब्यात सुगंधी तंबाखू पाच-सहा वर्षं बरी राहील, पण चढणार नाही.

एक अपवाद मात्र सांगायलाच पाहिजे. उत्तरेत हुक्क्यासाठी खमिरा नावाची तंबाखू करायचे. खमीर म्हणजे आंबवण. तंबाखूत गूळ, फळं आणि मसाले घालून मडक्यात भरायचे, तोंड बंद करून मडकं जमिनीत पुरायचे आणि महिनोन् महिने तसंच ठेवायचे. हीसुद्धा सुगंधीच, पण इथे फळ आणि गूळ आंबण्याच्या आधी गेलेत. ते पानाबरोबर कुजले, आंबले, बदलले. अमेरिकेतल्या लुइझियानात पेरिक म्हणून तंबाखू होते, ती स्वतःच्याच रसात पिंपात वर्षभर दाबून ठेवतात. म्हणजे बघा, जे आंबण्याआधी आत गेलं ते पानाचंच झालं. जे शेवटी वरून फवारलं ते पाहुणं, आणि पाहुणं निघून जातं.

आता मामा.

मामाचा बसस्टँडच्या बाजूला पानठेला होता. गडचिरोली-चंद्रपुरात पानठेला म्हटलं की खर्रा आलाच. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, सुपारीचा चुरा, चुना आणि सुगंधी तंबाखू पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. आता गंमत ऐका. त्यात पडणाऱ्या तंबाखूच्या डब्यांवर बऱ्याचदा हुक्का-शिशाची तंबाखू असं छापलेलं असतं. पुण्याचा भाऊ पाइपसाठी जे विचारतोय त्याचीच ही चुलत बहीण. फक्त आमच्याकडे ती कोणी ओढत नाही. गालात ठेवतात.

2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखा बंद झाला, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, खर्रा आणि मावाही त्या बंदीत आले. तरी माल येतोच. आमच्या एका बाजूला प्राणहिता, दुसरीकडे गोदावरी, पलीकडे तेलंगणा. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर. माल कुठून येतो हे मामानं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मार्च 2020. लॉकडाऊन. पुलावर पोलीस. खर्ऱ्याचा भाव रोज वाढत होता. मामानं त्याआधीच पंचवीस डबे घेऊन ठेवले होते. मी म्हटलं, मामा, एवढे? तर म्हणे, "अरे, तंबाखू तांदळासारखी असते. जुनी झाली की चढते."

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं बरं का. त्याच्या वडिलांनी चुट्ट्याची साधी पानं गाठोड्यात बांधून ठेवलेली त्यानं लहानपणी पाहिली होती, आणि ती खरंच सौम्य व्हायची. आमच्या भागातला माणूस पान साठवण्यात अडाणी नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, सत्तर पानांचा पुडा बांधायचा, फळीवर उन्हात वाळवायचा, मग पोत्यात भरताना किती पाणी शिंपडायचं हे हातालाच कळतं. कमी झालं तर पान तडकतं, जास्त झालं तर काळं पडतं. मामा हे सगळं करून मोठा झालेला. चूक एकच झाली. पानाचा नियम त्यानं वासाला लावला.

पंधरा-सोळा डबे वर्षभरात खपले. बाकीचे माळ्यावर, टिनाच्या छपराखाली. सिरोंच्याचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि टिनाखाली किती होत असेल ते छपरालाच माहीत. मग जुलै 2022 चा पूर आला. आमचं घर उंचावर, पाणी आत आलं नाही, पण कितीतरी दिवस भिंती ओल्या होत्या.

त्या दिवाळीत डबे उघडले. दोन-तीन काथ्यासारखे कोरडे पडलेले. एकात पांढरी बुरशी. बाकीचे दिसायला ठीक, ओलसर, चिकट. पण वास? गुलाब नाही, केवडा नाही. गोडसर काहीतरी, औषधाच्या बाटलीचं बूच हुंगावं तसं. मेंथॉलचा गारवा गेलेला. गिऱ्हाइकं एक दिवस घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी शिव्या देत आली. टाकून द्यायचं मामाच्या जिवावर आलं. मग त्यानं ती स्वतःच खायला सुरुवात केली.

इथे मला भीती वाटली, आणि कारण सांगतो. तंबाखू ओलसर आणि उष्ण जागी राहिली की त्यातले जीवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते निकोटिनसारख्या द्रव्यांशी जुळून नायट्रोसामाइन बनतात. त्यातली दोन तर माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहेत. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची तंबाखू, स्नूस, आधी उष्णता देऊन जंतू मारतात आणि मग फ्रिजमध्ये ठेवतात, ती याच कारणानं. आमच्याकडे फ्रिजच्या जागी टिनाचं छप्पर होतं. म्हणजे वास उडत होता आणि विष वाढत असण्याची सगळी सोय होती. नाकाला यातलं काही कळत नाही.

मागच्या वर्षी मामाला भाकरीचा घास घेताना त्रास व्हायला लागला. डॉक्टरांनी त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. साध्या माणसाची जातात. त्याची दोनही गेली नाहीत. तोंडाच्या आत पांढरे, कडक पट्टे आले होते. डॉक्टर म्हणाले, हे मुख्यतः सुपारीचं काम. म्हणजे वीस वर्षांच्या खर्ऱ्याचं. जुन्या डब्यांवर सगळा दोष ढकलला तर मी खोटा बोलतोय असं होईल. ताज्या खर्ऱ्यानंही हेच झालं असतं. पण मामाला मात्र अजून वाटतं की ताजा माल मिळाला असता तर काही झालं नसतं! या एका वाक्यावर आमचं दर आठवड्याला फोनवर भांडण होतं. मामी स्पीकरवर ऐकत असते आणि मध्येच म्हणते, "तुम्ही दोघं भांडा, मी वरण पातळ करते."

खर्रा सुटलाय. ठेल्यावर आता बिस्किटं आणि रिचार्ज. परवा त्याचा फोन आला. माळ्यावर अजून चार डबे आहेत, अत्तर टाकून वास परत आणता येईल का, विकायला? म्हटलं, नाही. मग म्हणे बरं, पाण्यात भिजवून मिरचीवर फवारतो, कीड मरेल. आधीची माणसं करायचीच तसं.

मी म्हटलं, मामा, थांब. तंबाखूच्या पानात एक विषाणू असतो, मोझॅक म्हणतात त्याला. पान सुकलं तरी तो वर्षानुवर्षं जिवंत राहतो, आणि मिरचीला धरतो. पानं चट्ट्यापट्ट्याची होतात, आखडतात, झाड बसतं.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "म्हणजे टिकलं ते हेच."

चार डबे अजून माळ्यावरच आहेत. पुण्याच्या मित्रा, तू तुझं ठरव.