सांग बघू, काय करायचं?



आज जाऊ या आपल्या मिरकरवाडा बंदरावर.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद.
ऑगस्ट उजाडला, की जेटीवर धांदल.
बर्फ चढतो. डिझेल भरतात. जाळी लादतात.

आणि या धांदलीतच मालक सूचना देतो.
इंजिनाच्या आवाजात. तेही एकदाच!

मालक राहणार किनाऱ्यावर.
तांडेल सुकाणूवर.
खलाशी जाळ्याशी.
निरोप तोंडातोंडी बदलत जातो.

त्यात बरेच खलाशी नेपाळचे.
आपलं भराभर बोलणं त्यांना कसं कळणार?
ते मान हलवतात.
मालकाला वाटतं, समजलं.

म्हणून एकच सांगणं.
नुसतं सांगून थांबू नका.
ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्या.

समजा, तुम्ही सांगितलंत, "वारा वाढला, की परत फिरायचं."
आता विचारा, "सांग बघू, काय करायचं?"
तो म्हणेल, "मासळी भरली, की फिरायचं."
बघा! चूक जेटीवरच सापडली.
पण तेव्हा ओरडू नका हं.
ओरडलात, तर पुढच्या वेळी तो नुसती मान हलवेल.

वायरलेसवर तर आवाज तुटतो.
तिथेही तेच. परत म्हणवून घ्या.

पैशाचंही तसंच.
उचल किती, वाटा किती, हे हंगामाआधी बोला.
तांडेलासमोर बोला. आणि तेही परत म्हणवून घ्या.

जेटीवरचं हे सगळं मात्र इंजिन सुरू करण्याआधी.
नंतर कोण कुणाचं ऐकतो!