पेशींचे दूत आणि कर्करोग
(व्याख्यानाचा सारांश)

घरात कर्करोगाने पाऊल टाकले की कुटुंबाच्या ओठी एकच प्रश्न असतो, "आणखी काही उपाय आहे का?" या प्रश्नाच्या आडोशाने अलीकडे ‘एक्झोसोम’ हा शब्द जाहिरातींतून मिरवू लागला आहे. शब्द खरा, त्यामागील विज्ञानही खरे. म्हणूनच त्याची मर्यादा जाणणे अगत्याचे.

एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर आकाराची पुटिका. १९८३ मध्ये अपक्व तांबड्या पेशींच्या अभ्यासात अशा पुटिका आढळल्या, तेव्हा तो पेशीने झाडून टाकलेला केर समजला गेला. १९९६ मध्ये मात्र रोगप्रतिकारक बी पेशींच्या पुटिका टी पेशींना शत्रूची ओळख पटवतात, असे दिसले. केर नव्हे, ते दूत होते! १९९८ मध्ये फ्रान्समधील लॉरेन्स झिटव्होगेल व सहकाऱ्यांनी डेंड्रिटिक पेशींना (या शरीराच्या टेहळ्याच) कर्कपेशींची खूण दाखवली आणि त्यांच्या पुटिका उंदरांना टोचल्या. गाठींची वाढ खुंटली, काही विरून गेल्या. शिवाय पुटिका शरीरात वाढत नाहीत, गोठवूनही ठेवता येतात.

पण उंदीर बरा होणे आणि माणूस बरा होणे यांत फार अंतर असते. २००५ मधील छोट्या चाचण्यांतून हा उपाय माणसाला सोसतो, इतके कळले. पुढे फ्रान्समध्येच फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या २२ रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांचा आजार चार महिने तरी थोपवावा, हे उद्दिष्ट होते. तसे घडले ७ जणांतच. टी पेशींची अपेक्षित जागृती दिसली नाही. काहींच्या नैसर्गिक मारक पेशींना मात्र बळ मिळाले. संशोधकांनी अपयश लपवले नाही, याला विज्ञाननिष्ठा म्हणतात.

रोगप्रतिकारक पेशींवर आधारलेला उपचार आपल्याकडेही सिद्ध झाला आहे. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या परिश्रमांतून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या स्वदेशी सीएआर-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती रुग्णांवरील रीतसर चाचण्यांनंतरच. रक्ताच्या ठरावीक कर्करोगांपुरताच तो आहे, हेही सांगितले जाते. एक्झोसोमची सुई विकणाऱ्याने असे काय सिद्ध केले आहे?

भारतात औषधचाचणीची नोंद आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. दागिने गहाण टाकण्यापूर्वी रुग्णाच्या मुलाने तेथील नोंदणी क्रमांक मागावा. आणि तो घेऊन आपल्या कर्करोगतज्ज्ञाकडे जावे.