किल्ली नको, मुखत्यारपत्र द्या
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने माझ्या संगणकात एक प्रोग्राम बसवून दिला. रोज रात्री दोन वाजता, घर झोपलेलं असताना, तो दिवसभरातल्या नव्या फाइलींची प्रत काढी आणि ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या एका कंपनीच्या संगणकावर, नेऊन ठेवी. मामू, आता काळजी नको, असं सांगून भाचा गेला. मीही निर्धास्त झालो.

पुढे एकदा संशयास्पद निरोप आला म्हणून मी खात्याचा पासवर्ड बदलला. त्यानंतर महिन्याभराने माझी खाला आजारी पडली. आमच्या घरात दखनी बोलतात, पण जात्यावर बसली की खालाची ओवी मराठीच असे. तिच्या उशाशी बसून मी चाळीस ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. खाला गेली. चार महिन्यांनी संगणकाची डिस्क बंद पडली. क्लाउडवर शोधलं, तर शेवटची प्रत पासवर्ड बदलला त्याच्या आदल्या रात्रीची.

झालं होतं असं, की भाच्याने माझाच पासवर्ड त्या प्रोग्रामात लिहून ठेवला होता. मी कुलूप बदललं, पण गड्याला नवी किल्ली दिलीच नाही. तो रोज रात्री जुनी किल्ली घेऊन दाराशी जाई आणि मुकाट्याने परत येई. आपण स्वतः संगणकासमोर बसलेले असलो, तर पासवर्ड चुकल्याचं लगेच कळतं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकता येतो. पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामासमोर बसलेलं कुणी नसतं. मग त्याने आपली ओळख पटवायची कशी?

आपण विचार करा. कचेरीच्या कामाला दुसऱ्याला पाठवताना आपण त्याला आपली सही गिरवायला शिकवत नाही. मुखत्यारपत्र लिहून देतो. यातला ‘मुखत्यार’ हा शब्द मूळचा अरबी, पण मराठीत इतका मुरला की त्याला कुणी परका म्हणत नाही. त्या पत्रात काम कोणतं ते नेमकं लिहिता येतं, मुदत घालता येते आणि पुढे ते रद्दही करता येतं.

संगणकाच्या जगातही अशी सोय आहे. तिचं नाव ‘ओऑथ’. आज सर्रास वापरात असलेली तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. यात मालकाने एकदाच, खुद्द त्या सेवेच्या पानावर जाऊन, ‘या प्रोग्रामाला फक्त फाइली ठेवू द्या’ अशी संमती द्यायची. पासवर्ड प्रोग्रामाच्या हाती लागतच नाही. त्याला मिळतं एक टोकन, बहुधा तासाभराचं, आणि ते संपल्यावर नवं मागून आणण्यासाठी आणखी एक, जास्त मुदतीचं. टीव्हीसारख्या टंकायला अवघड यंत्रासाठी २०१९ मध्ये वेगळी रीत ठरली. यंत्र पडद्यावर एक छोटा सांकेतिक क्रमांक दाखवतं आणि आपण तो मोबाइलवर टाकून संमती देतो. कार्यालयातल्या ज्या प्रोग्रामांना कुणी एक मालक नसतो, त्यांना स्वतःची स्वतंत्र ओळख आणि गुप्त खूण देतात.

ती खूणही जपावी लागते. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांनी क्लाउडची किल्ली आपल्या प्रोग्रामच्या मजकुरातच ठेवली होती. ती चोरांच्या हाती पडली आणि जगभरातल्या ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. खाती खासगी असली तरी तोच धोका असतो. म्हणून मे २०२२ च्या अखेरीस गूगलने बाहेरच्या प्रोग्रामांना खासगी खात्यांत नुसत्या नेहमीच्या पासवर्डने शिरू देणं बंद केलं.

पासवर्ड बदलला तरी अनेक सेवांमध्ये टोकन चालू राहतं. काही सेवा मात्र खबरदारी म्हणून तेही रद्द करतात. म्हणजे दार कधी तरी बंद होणारच. ते बंद झालं, तर मालकाला सांगणं हेही गड्याचं काम असलं पाहिजे. माझ्या प्रोग्रामात तेवढीच व्यवस्था असती, तर दुसऱ्याच दिवशी मला कळलं असतं.

आता भाच्याने सगळं नव्याने बसवलं आहे. प्रोग्रामाकडे माझा पासवर्ड नाही, आणि काल किती फाइली पोचल्या, हे तो रोज सकाळी मला कळवतो. दुरुस्तीवाल्याने बंद डिस्कमधून खालाच्या सात ओव्या काढून दिल्या. तेहतीस गेल्या.

आपल्या खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणकोणत्या प्रोग्रामाला आपण परवानगी दिली आहे, याची यादी असते. आज जेवणं झाल्यावर ती एकदा उघडा. नको ती नावं काढून टाका. आणि जो गडी रात्री आपल्यासाठी राबतो आहे असं आपण समजतो, त्याचं काम खरोखर पोचतं का, तेही पाहा.