विष फुटते कसे?

नांदेड-लातूरकडे कपाशीवर फवारायच्या विषाला आपण ‘औषध’च म्हणतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा मोनोक्रोटोफॉस या सेंद्रिय फॉस्फरस-संयुगाचे नाव पुढे आले. पण चिठ्ठी निघालेल्या बाटलीत नेमके काय, हे वासावरून थोडेच कळणार? मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्याच्या वाफेवर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. मडके आपटले तर कुठेही तडकते. रेणू मात्र बहुधा कच्च्या सांध्यांवरच तुटतो. २२३ वस्तुमानाच्या मोनोक्रोटोफॉसचा सर्वांत ठळक तुकडा १२७ चा. फॉस्फरस त्यातच राहतो. १०९ चा तुकडा त्याच्या भावंडांतही सापडतो, म्हणून एका आकड्यावर विसंबता येत नाही. सगळी रांग जुळवावी लागते. डॉक्टर अर्थात यंत्राची वाट पाहत नाहीत. लक्षणे ओळखून अ‍ॅट्रोपिन सुरू करतात.